चाळणीवर राहिलेली खापरं : मातीचा अर्ज ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माती नमुन्यासोबत भरायच्या माहितीपत्रकाचा मसुदा ठरवणाऱ्या समितीचे सर्व सदस्य यांस

स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत करवीर तालुक्यातल्या एका गावातून मातीची पिशवी आली. कापडी पिशवी, आत अर्धा किलो माती आणि चार घड्या घातलेला तुमचा अर्ज. नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र. मागचं पीक ऊस, पुढचं पीक ऊस. जमीन मध्यम, निचरा बरा. रकाने सगळे भरलेले. अर्जाच्या तळाशी जिथं तुम्ही ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ असं छापलंय, तिथं मात्र निळ्या बॉलपेननं कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘सासूबाई म्हणायच्या हितं पूर्वी आवा होता.’

अक्षर बाईचं. सही नवऱ्याची, कारण सात-बाऱ्यावर नाव त्याचं.

नमुना तपासायला घेतला. पालाशाचा (म्हणजे पोटॅशचा) आकडा एवढा वर गेला, की सहायकानं फ्लेम फोटोमीटर पुन्हा प्रमाण द्रावणावर लावून बघितला. यंत्र ठीक होतं. सामूही, म्हणजे पीएच, त्या गावच्या इतर नमुन्यांपेक्षा चढा. सहायक म्हणाला, “मॅडम, पोरानं उकिरड्याजवळची माती उचललेली दिसतीय. रद्द करूया, दुसरी मागवू.” नियमाला धरून तो बरोबरच बोलत होता. उकिरडा, झाडाखालची जागा, बांधाची कड इथली माती घ्यायची नाही, हे तुमच्याच सूचनांत छापलेलं आहे.

मी उठले आणि चाळणी बघायला गेले. वाळवलेली माती लाकडी खलात कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतनं काढायची आणि वर राहील ते टाकून द्यायचं, ही जगभरची रीत. टाकायचं अजून राहिलं होतं. मुळ्या, दोन गारगोट्या आणि त्यांच्यात नखाएवढी चार खापरं. एका बाजूला विटेसारखी लाल, आतून काळी. शेजारी वितळून काचेसारखा झालेला एक खडा. मला पुढं काही विचारायची गरज उरली नाही. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी : मडकी रचायची, मधे शेणकुटं, काटक्या, पालापाचोळा घालायचा, वरनं राखेचं आणि मातीचं लिंपण, आणि रात्रभर धुमसू द्यायचं. एका जागी पिढ्यान्‌पिढ्या आवा लागला की राख त्या जमिनीत मुरते. राखेत पालाश असतं आणि राख सामू चढवते. बाईनं कडेला लिहिलेल्या एका ओळीत आमचे दोन्ही आकडे बसले.

त्या शेतकऱ्याला आम्ही कळवलं, की या पट्टीला तूर्त पोटॅशचं पोतं विकत घ्यायचं कारण नाही. नमुना रद्द करून दुसऱ्या कोपऱ्यातली माती मागवली असती तर त्यानं ते घेतलं असतं, आणि या पट्टीतही टाकलं असतं.

तुमच्या अर्जानं ही गोष्ट विचारली नव्हती. त्या बाईनं ती न विचारता सांगितली, आणि योगायोगानं ती वाचायला एक कुंभाराची मुलगी बसलेली होती. अशा दोन योगायोगांच्या भरवशावर राज्याची माती तपासणी चालू नये, म्हणून हे पत्र.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण विषयच तो आहे. मी कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतली. आमच्याकडं बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला नागोबा, मग गणपती, नवरात्राला घट आणि दिवाळीला पणत्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बायका घट घ्यायला यायच्या, तेव्हा आजी प्रत्येकीला विचारायची, “पसरायला माती कुठली आणलीस?” घटाखालच्या मातीत धान्य पेरतात, ते नऊ दिवसांत कसं उगवतं यावर घरोघर चर्चा व्हायची. कुणाची माती वर पापुद्रा धरते, कुणाची पाणी पिते, आजीच्या डोक्यात पेठेचा अख्खा हिशेब असायचा. तिला काळ्या मातीचे चार काळे ठाऊक होते : तव्याच्या बुडाचा, भिजलेल्या म्हशीचा, पिकल्या जांभळाचा आणि राखुंडीचा. पुढं पदव्युत्तर शिक्षणात मन्सेलचा रंगतक्ता हातात आला. अमेरिकेतल्या एका चित्रकलेच्या शिक्षकानं रचलेली ती रंगपद्धत आज जगभर मातीचा रंग सांगायला वापरतात. मी पहिल्यांदा आजीचे चार काळे त्यात शोधले. तीन सापडले. जांभळाचा काही केल्या जुळेना. तो रंग ओल्या मातीला तिरप्या उन्हातच दिसतो, असं आजीचं म्हणणं. मी वाळलेल्या मातीवर ट्यूबलाइटखाली शोधत होते.

माती तुडवली, मळली, पणत्यांना गेरू लावला. चाकाला हात लावला नाही. आमच्या घरात बायकांनी चाकाला शिवायचं नव्हतं. का, ते कोणी सांगत नसे. त्यामुळं माझं मातीचं ज्ञान पायांतून आणि तळव्यांतून आलं, बोटांच्या टोकांतून फारसं नाही. हा फरक बारीक वाटेल, पण तुडवणाराला खडा कळतो आणि चाकावरच्याला लवचीकपणा. आजही नमुना हातात आला की मी आधी खडा शोधते.

दुसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिक होतं. ओल्या मातीची गोळी अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढायची, न तुटता किती लांब येते त्यावरून चिकणमातीचं प्रमाण ओळखायचं. पोरं पट्टी काढून मोजपट्टी लावत होती. मी गोळी मळतानाच सांगितलं. बरोबर आलं. सरांनी विचारलं, “कुठं शिकलीस?” म्हटलं, घरी. मागच्या बाकावरून आवाज आला, “गाढवं हाकताना!” वर्ग हसला, सरही हसले. त्यानंतर चार वर्षं मी मोजपट्टी लावायची, उत्तर आधीच माहीत असलं तरी.

नोकरीला लागल्यावर एका वरिष्ठांनी फार प्रेमानं सांगितलं, “हे बघा, मातीला जात नसते. मातीला फक्त पीएच असतो.” वाक्य ऐकायला छान आहे. मी ते बरीच वर्षं स्वतःला पटवत राहिले. नंतर वाचत गेले तसं दिसलं, की आमच्या शास्त्राची निम्मी परिभाषा कुणा ना कुणा गावच्या तोंडातून उचललेली आहे. ज्या दोकुचायेवला आधुनिक मृदाशास्त्राचा जनक म्हणतात, त्यानं १८८३ साली ज्या मातीवर प्रबंध लिहिला तिचं नाव ‘चेर्नोझम’, म्हणजे रशियन शेतकऱ्याची साधी ‘काळी माती’. ‘पॉडझॉल’ म्हणजे खाली राखेसारखा थर असलेली, तेही तिकडचंच. ‘रेंडझिना’ पोलंडच्या शेतकऱ्यांचा शब्द. ‘अँडोसॉल’मधला ‘अंदो’ जपानी. दोकुचायेवनं आपल्या माणसांचा शब्द वापरला, तो जगानं वही उघडून लिहून घेतला. मग आमच्या शिरोळकडचा ‘चोपण’ (सोडियम चढून बिघडलेली जमीन) किंवा ‘चिबड’ (पाणी साचून दलदलीची झालेली) लिहिला की त्याला ‘स्थानिक बोलीतील नाव’ म्हणून कंसात का टाकायचं?

आपला जांभा घ्या. राधानगरी, शाहूवाडीकडं पायाखाली तोच. मलबारात अंगाडिपुरमला लोक हा दगड ओला असताना अवजारानं कापून विटा पाडतात आणि उघड्यावर तो घट्ट होतो, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकानं पाहिलं. १८०७ साली छापलेल्या वृत्तांतात त्यानं लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याचं नाव ‘लॅटराइट’ ठेवलं. म्हणजे शोध विटा पाडणाऱ्यांचा आणि बारसं बुकाननचं. विटा पाडणाऱ्या घरातली असल्यानं मला याचा जरा जास्तच राग येतो, हे कबूल करते.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत नव्यानं सांगावा लागत नाही. तो गुलामीत जन्मला. १८९६ साली तो अलाबामातल्या टस्कीगीला गेला तेव्हा समोर कापसानं पिळून निघालेली जमीन आणि त्याच जमिनीवर राबणारी, बहुतेक स्वतःच्या मालकीची नसलेली, कृष्णवर्णीय माणसं होती. विकतचं खत परवडणाऱ्यांसाठी त्यानं प्रयोग केले नाहीत. भुईमूग, रताळी, चवळी, पाणथळीतला गाळ, पालापाचोळा, जे त्या माणसांच्या आवाक्यात होतं त्यावर तो बसला. ते ज्ञान घोड्यांच्या गाडीतून त्यांच्या दारात नेलं. मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांचंही तसंच. फाळणीत पश्चिम पंजाबातून हरियाणात आलेलं, थोडक्या जमिनीवर राबणारं कुटुंब. त्या घरातला मुलगा पुढं जन्मभर मातीत कर्ब परत कसा घालायचा याचा ध्यास घेतो आणि त्याला २०२० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळतो. प्रश्न कुठला निवडायचा हे यंत्र सांगत नाही. पीएच मीटरला माझं आडनाव कळत नाही, आणि कळू नयेच. पण कुठल्या पिशवीपाशी थांबायचं, कुठला आकडा खोटा वाटायचा आणि कुठला पटकन पटायचा, हे मी ठरवते. तिथं माझी आजी येते आणि माझं गल्लीतलं बालपणही.

ते नेहमी मदतीलाच येतं असं समजू नका. माझ्या हातून एकदा चांगलीच चूक झाली, आणि ती कुंभार म्हणूनच झाली.

शिरोळ तालुक्यात एका रानात उभी होते. कृष्णाकाठची खोल काळी जमीन, ऊस पिवळा पडत चाललेला. ओली माती हातात घेतली आणि माझा तळवा खूश झाला. लोण्यासारखी. खडा नाही, चिकटा उत्तम, गोळा मळला तर चमकतोय. त्या क्षणी मला ती जमीन निरोगी वाटली, आणि मी शेतकऱ्याला म्हणाले, “माती तर उत्तम आहे, खताचं काहीतरी चुकतंय.” तो वयस्कर माणूस माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, मडकं करायचं असंल तर उत्तम हाय. मला ऊस करायचाय.” त्यानं खोऱ्यानं एक ढेकूळ काढलं, पाण्यानं भरलेल्या तांब्यात टाकलं. थोड्या वेळात पाणी गढूळ झालं ते निवळेचना. “चोपण झालीया,” म्हणाला.

प्रयोगशाळेत सामू ८.५ च्या वर, विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर. व्याख्येप्रमाणं चोपण. सोडियम चढला की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून देतात, सुटे होतात, मातीतल्या बारीक वाटा बुजवतात. पाणी खाली जात नाही, हवा आत येत नाही, मूळ गुदमरतं. आमच्या धंद्यातही साच्यात ओतायच्या पातळ मातीत सोडियमचा क्षार मुद्दाम घालतात, म्हणजे कमी पाण्यात माती वाहती होते आणि कण तळाला बसत नाहीत. मी जे सोडियमचं लक्षण ओळखायला हवं होतं, तेच माझ्या हाताला गुण वाटलं. त्याच्या तांब्यातल्या पाण्यानं माझी खोड मोडली. जिप्सम का घालायचं हे मात्र त्या दिवशीनंतर मी शेतकऱ्यांना फार चांगलं समजावू शकते : कॅल्शियम त्या सुट्या कणांना पुन्हा एकमेकांशी बांधतो, पाणी निवळतं. तांब्यात चिमूटभर जिप्सम टाकून दाखवते. भाषण लागत नाही. अर्थात आधी निचऱ्याची सोय हवी, सुटलेला सोडियम वाहून जायला चर किंवा जमिनीखालून भोकांचे पाइप हवेत, नाहीतर जिप्सम वाया.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. माझ्या शिक्षणाची फी वीटभट्टीतून आली. आमच्यातले बरेच जण मडक्यांवरून विटांवर गेले. नदीकाठची मळी, शेताचा वरचा थर, पैशाच्या नडीपायी कुणी वर्षाला देईल तेवढी माती विकत घ्यायची आणि विटा पाडायच्या. आज मी शेतकऱ्यांपुढं उभी राहून वरच्या १५ सेंटिमीटरचं मोल सांगते, तेव्हा मनात आमची भट्टी धुरत असते. एकदा हिशेब मांडून बघितला. एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ढोबळ मानानं ८०० टन माती. तीन किलोची वीट धरली तर अडीच लाखांवर विटा. तो थर बनायला किती शतकं लागली असतील ते सोडा, भट्टी चालवणाऱ्या आमच्या अण्णांनी तसा एकर किती हंगामांत संपवला असेल, ते मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. पण टॉपसॉइल विकणाऱ्या शेतकऱ्यावर ओरडणारे अधिकारी पाहिले की मला त्या व्यवहाराची दुसरी बाजू आठवते. विकणारा कुठल्या महिन्यात यायचा, त्याच्या घरी काय निघालेलं असायचं, हे मला माहीत आहे. पोरीचं लग्न किंवा दवाखाना. माझा सल्ला त्यामुळं बदलत नाही. सांगायची पद्धत बदलते.

आता ‘काळी आई’. आपल्याकडं प्रत्येक कृषी मेळाव्यात ती व्यासपीठावर असते. मला विचाराल तर या आईनं शास्त्राचं थोडं नुकसानच केलंय. एक तर काळी म्हणजे कसदार, हा समज. दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्या खाली असतो. तिचा काळेपणा भरपूर कर्बामुळं आलेला नसतो, हे सांगितलं की लोक दुखावतात. एकजण तर म्हणाला, “आईचं रगत तपासायला देऊ व्हय?” आणि दुसरं, तांबडीला कोणी आई म्हणत नाही. गगनबावडा, शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवरची नाचणीची तांबडी, आम्ल, पावसानं धुतलेली जमीन कुणाची कोण? उसाच्या काळ्या रानातल्या पिशव्या आमच्याकडं ढिगानं येतात. तांबड्या रानाची पिशवी आली तर मी उठून बघते.

तुमच्या अर्जात जमिनीला तीन जाती आहेत : हलकी, मध्यम, भारी. गावात रानाला नाव असतं. मळी, माळ, पांढरी, इनाम, हाडकी. या प्रत्येक नावात मातीची माहिती आहे. पांढरी म्हणजे जुनं गावठाण. तिथली राखाडी माती खोदून शेतात खत म्हणून टाकायची चाल जुनी आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्याच टेकाडानं रोमन बनावटीची कांस्याची मूर्ती दिली. पण मला त्या टेकाडात दिसतो तो खापरांचा, राखेचा, चुलींचा थर. माणसांनी घडवलेली माती. माती घडण्याची कारणं पाच, असं आम्ही शिकवतो : हवामान, सजीव, उतार, मूळ खडक, काळ. ब्रह्मपुरीवर उभं राहून ही यादी म्हणून बघा.

हाडकी हे नाव उच्चारताना अजून गावात आवाज उतरतो. मेलेली जनावरं ओढायच्या कामापोटी महारांना दिलेली जमीन. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानातली महार वतनं बंद केली, नाव राहिलं. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. पुरातत्त्ववाले जुन्या वस्तीचा ठाव लावायला मातीतला फॉस्फेट मोजतात, कारण तो जागा सहसा सोडत नाही. अशा रानातल्या नमुन्यात स्फुरद (फॉस्फरस) अनपेक्षित चढा आला तर कारण शोधायला रानाचं नाव हाताशी हवं. तुमच्या अर्जात गट क्रमांक आहे, नाव नाही. मातीला जात नसते म्हणणाऱ्यांनी एकदा हाडकीत उभं राहून ते म्हणावं.

तेव्हा माझं मागणं. अर्जात दोन ओळी वाढवा. पहिली : ‘या रानाला घरात काय म्हणतात आणि इथं पूर्वी काय होतं?’ दुसरी : ‘हे रान रोज कोण कसतं?’ मालकाच्या नावाशेजारी कसणाऱ्या बाईचं नाव येऊ द्या, आणि अहवालाची एक प्रत तिच्या मोबाइलवर जाऊ द्या. भांगलण ती करते, खत ती विस्कटते, पाणी कुठं तुंबतं ते तिला माहीत. आणि आमच्या नोंदवहीत एक रकाना द्या, ‘चाळणीवर काय राहिलं’.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, हे संगणकात बसत नाही. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली तेव्हा बारा घटक ठरले आणि नमुना घेतानाच अक्षांश-रेखांश टिपायला आपण शिकलो. उपग्रहाला विचारून जागा नोंदवता येते, तर बांधावर उभ्या माणसाला विचारून एक ओळ नोंदवायला काय हरकत? कुणी म्हणेल, लोक काहीही लिहितील. लिहू देत. ‘इथं भूत आहे’ असं लिहिलेला अर्जही माझ्याकडं आलाय. जाऊन बघितलं तर विहिरीच्या उपशानं खचलेला, रात्री बैल पाय घालायला कचरणारा डाग निघाला.

उत्तराची वाट बघते. बैठकीला बोलावलंत तर तांब्या आणि चोपण मातीचं ढेकूळ घेऊन येईन.

आपली,
कुंभार गल्लीतली एक माती तपासणारी,
कोल्हापूर

ता. क. : नियमाप्रमाणं अहवाल गेल्यावर ठरावीक मुदतीनं नमुना फेकायचा असतो. मी ती माती फेकली. चार खापरं मात्र आजीच्या गेरूच्या डबीत ठेवलीत. ती ‘नमुना’ या व्याख्येत येतात का, तेवढं कळवावं.